काळी एक

दर्शनाला सातवा लागला आणि ती माहेरी आली. माहेरी म्हणजे माझ्याकडे. तिच्या आईला, शांतीला, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत. माहेरी बाईच नसेल तर काय करायचं, ते रीतीत सांगितलेलं नाही. तिच्या सासूबाई, सुभद्राबाई, म्हणाल्या होत्या, "शीवलाच राहू दे तिला, मी आहे ना." पण दर्शना ऐकेना. "मी लालबागलाच जाणार. बाबांना आता वरणभात येतो."

वरणभात येत होता. माशाचं कालवण अजून जमत नव्हतं.

एका संध्याकाळी ती खाली बसून शांतीच्या जुन्या साड्यांची दुपटी फाडत होती. मी समोर लसूण सोलत होतो. ती म्हणाली, "बाबा, आई मला झोपवताना म्हणायची ते गाणं आठवतं तुम्हाला?"

"आठवतं की."

"मला शब्द आठवतात. चालच येत नाही. किती दिवस आठवतेय." मग तिने शब्द नुसते बोलून दाखवले.

नीज गो बाये, होडयेक लागलो काठ,
वारो पडलो, बापूस इलो, आता कोणाची वाट?

ते तिच्या आईच्या तोंडचं होतं. शांतीला ते कुठून मिळालं, देवगडहून तिच्या आईकडून आलं की तिने स्वतःच जुळवलं, हे मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या कोणाकडून मी ते ऐकलेलं नाही.

"बारशाला मला हेच म्हणायचंय," दर्शना म्हणाली. "ते पुस्तकातले पाळणे नकोत. तुम्ही चाल सांगा, मी बसवते."

"मी सांगू?"

"मग कोण सांगणार?"

मी लसूण खाली ठेवला आणि म्हणून बघितलं. 'नीज गो बाये' ठीक गेलं. पुढे चाल वर जाते, तिथे आवाज फाटला. मग मी खाली आलो आणि उरलेलं भलत्याच ठिकाणी म्हटलं. दर्शना आधी हसली. मग हसू थांबलं.

"बाबा, हे नाही."

"हेच आहे ग."

"सुरुवात तशीच वाटते. पुढचं नाही." ती उठून आत गेली आणि बराच वेळ नळ चालू होता. भांडी तर मी मघाशीच घासली होती.

डोक्यात ते गाणं मला सरळ ऐकू येत होतं, शांतीच्याच आवाजात. तोंडाशी येताना मोडत होतं. त्या आठवड्यात मी न्हाणीघरात, गच्चीवर, जिथे एकटा असेन तिथे ते म्हणून बघितलं. त्यातून एक वाईट गोष्ट झाली. डोक्यातलंही हलायला लागलं. माझं मोडकं म्हणणं तिच्या म्हणण्यावर चढायला लागलं. मी घाबरलो. असंच चुकीचं म्हणत राहिलो तर बरोबर होतं तेही पुसलं जाईल, आणि मग ते कुठेच उरणार नाही.

कारण दुसरीकडे ते नव्हतंच. फोनमध्ये शांतीचे व्हिडिओ आहेत, पण एकातही ती गात नाही. एकात ती म्हणते, "बंद करा तो मोबाईल, मासे जळतील." जुन्या चाळीत मधली भिंत फळ्यांची होती, शेजाऱ्यांनी ते गाणं आमच्याइतकंच ऐकलं असेल. पण चाळ पाडून टॉवर झाला, कोणी विरारला गेलं, कोणी बदलापूरला, कोणी देवाघरी. या इमारतीत शेजारी काय गातात ते कळत नाही.

म्हणजे राहिलो मी एकटा. आणि मी बेसूर.

हे माझं म्हणणं नाही. आमच्या भजनी मंडळाचा तो निकाल होता. मी मंडळात झांज वाजवतो. बुवा म्हणजे धर्मा, माझ्याच वयाचा, पेटीवर बसून गातो. त्याचा गळा उंच आणि खणखणीत. मी नवीन होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याने मला बाजूला घेतलं. "कुशा, तुझो हात चांगलो आसा. तोंड नुसता हलय." तेव्हापासून कोरसमध्ये मी तोंड हलवत आलो. समोरच्यांना कळत नाही. धर्माचा मला कधी राग आला नाही. त्याने झांज काढून घेतली नाही हे काय कमी? मी भजनाहून आलो की शांती विचारायची, "आज तोंड फार हलवलंत? दुखत असेल, पेज करू?"

परळच्या पुलाजवळच्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर, गाण्याचा क्लास आहे. पाटी मी कित्येक वेळा वाचली होती. त्या दिवशी जिना चढलो. नूपुर मॅडम म्हणजे दर्शनापेक्षा थोड्या मोठ्या असतील. खाली गिरणी सुरू झाली की त्यांची पेटी हलते.

"काका, आवड म्हणून शिकायचंय की परीक्षा द्यायचीय?"

"बारसं आहे," मी म्हणालो.

त्यांनी मला दुपारच्या बॅचमध्ये घेतलं. तिथे सगळ्या बायकाच होत्या. स्वयंपाक आटपून, मुलं शाळेतून यायच्या आत येणाऱ्या. पहिल्या दिवशी एकीने पदर सारखा केला आणि दुसरीने मला खुर्ची दिली. दोन आठवड्यांत त्या मला ताजी सुरमई कशी ओळखायची हे विचारू लागल्या आणि मी त्यांच्याकडून कालवण शिकलो.

मॅडमची शिकवायची पद्धत अशी, की आधी गायला लावत नाहीत. ऐकायला लावतात. सगळ्यांनी पेटीकडे पाठ करून बसायचं. त्या सा वाजवणार, मग दुसरा एक सूर वाजवणार. तो कोणता ते सांगायचं. सुरुवातीला मला फक्त उंच आणि खाली एवढंच कळायचं. मग हळूहळू सुरांची तोंडं वेगळी दिसायला लागली. प भक्कम. रे वर कोणी फार वेळ बसू शकत नाही. नी वाजला की मला दारात चपला घालून उभा असलेला पाहुणा आठवायचा. निघतो निघतो म्हणतो आणि बोलत राहतो. बायकांना मी हे सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की त्या दिवशी नी कोणाचाच चुकला नाही.

माझे सूर बरोबर येऊ लागले. ध आणि नी मध्ये गोंधळ व्हायचा, तोही गेला. मला आश्चर्य वाटलं. पण मी ते बाकीच्यांना दाखवलं नाही, कारण ओळखणं वेगळं आणि गाणं वेगळं. सगळ्यांनी मिळून सा रे ग म म्हणायची वेळ आली की मी आपला तोंड हलवायचो.

मॅडमनी एक दिवस पेटी थांबवली. "काका, तुम्ही गाताय की गातोय असं दाखवताय?"

बायका हसल्या. मीही हसलो. "मॅडम, सवय आहे. आमच्या बुवांची आज्ञा आहे तशी."

"कोण बुवा? त्यांना आणा इकडे."

बॅच सुटली तेव्हा त्यांनी मला थांबवून घेतलं. "बसा. आता मी एकटीच आहे. ते बारशाचं गाणं म्हणा."

मी फोन काढला. दर्शनाने त्यात तानपुऱ्याचं ॲप टाकून दिलं होतं. मी त्यात काळी चार लावली, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सा, आणि म्हणायला लागलो. तेच झालं. 'होडयेक'ला वर गेलो, आवाज फाटला. पुढचं सगळं विस्कटलं.

मॅडमनी फोन बंद केला. पेटीवर एक सूर दाबून धरला. "हा सा. म्हणा."

मी खिडकीकडे बघितलं.

"काका?"

"मॅडम, हा सा नाही."

"मग काय आहे?"

"म."

त्यांनी बोट उचललं. मी खिडकीतून पुलाकडे बघत बसलो होतो. त्यांनी दुसरी पट्टी दाबली. "हा?"

"हा सा."

परत पहिली. "आणि हा?"

"म. मघाचाच."

"पेटीकडे बघताय का तुम्ही?"

"नाही हो. बस अडकलीय पुलावर, ती बघतोय."

त्यांनी भाता सोडून दिला. खालची गिरणी ऐकू येत होती. मग विचारलं, "तुमच्या मंडळाची पट्टी कोणती?"

"काळी चार."

"बुवांच्या गळ्याची. आणि आपल्या या बॅचची?"

"काळी चार."

"बायकांच्या गळ्याची. आणि काकू कुठल्या पट्टीत गायच्या?"

"धर्मा म्हणायचा, वहिनींचा गळा काळी चारचा. गौरीच्या गाण्यांना तो बाहेरून ऐकायचा."

"आणि तुमच्या गळ्याची पट्टी कोणती?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "मी झांज वाजवतो."

मॅडम हसल्या नाहीत. "काका, जन्मभर तुम्ही सा एकाच जागी ऐकलात, म्हणून तुम्हाला वाटतं सा तिथेच असतो. मी आत्ता वाजवली ती काळी एक. काळी चारला सा धरला तर काळी एक म होतो, हे अगदी बरोबर आहे. बेसूर माणसाला हे कळत नाही. तुमचा कान पक्का आहे. गळा खालचा आहे, एवढंच. वरच्या पट्टीत तो पोचत नाही, मग फाटतो, मग तुम्ही सापडेल तिथे उतरता."

"म्हणजे मी बेसूर नाही?"

"नाही."

"मग इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं दुसऱ्याच्या पट्टीत." त्यांनी परत काळी एक दाबली. "हा तुमचा कालपर्यंतचा म. आजपासून हा सा. म्हणा."

खरं सांगायचं तर मला तेव्हा आनंद झाला नाही. मी म्हणालो, "मॅडम, पण शांतीचं गाणं काळी चारचं आहे. खाली आणलं तर ते तिचं राहील का?"

"तुम्हीच ऐकून ठरवा. मला स्वर सांगा, मी वाजवते."

मी डोळे मिटले. शांतीचं म्हणणं आठवत एकेक सूर सांगितला. सा, रे, ग. इथे प. मग ध, परत प. पुढची ओळ ग पासून, 'बापूस इलो'ला पार वरचा सा. त्या वाजवत गेल्या, मी दोनदा अडवलं. "नाही, तिथे ग." सूर नावाने सांगता येत होते म्हणून अडवता तरी आलं. आधी त्यांनी सबंध गाणं काळी चारमध्ये वाजवलं. तेच होतं, डोक्यातलं. मग काळी एकमध्ये वाजवलं.

शांतीला सर्दी झाली की तिचा आवाज बसायचा. चांगला घोगरा व्हायचा. तरी पोरीला झोपवायला ती हेच म्हणायची, खालच्या आवाजात. तेव्हा मला कधी वाटलं नव्हतं की हे दुसरं गाणं आहे. पेटीवर काळी एकमध्ये ऐकताना मला ती सर्दी आठवली, आणि मी काही न ठरवता म्हणायला लागलो. 'होडयेक' आलं. गेलं. कुठेही फाटलं नाही. 'बापूस इलो'ला गळा थोडा ताणला, पण पोचला.

'आता कोणाची वाट'पाशी मॅडमनी विचारलं, "गाणं इथे संपतं? हे तर रे वर थांबलं. रे वर कोण थांबतं?"

"पुढे अजून एक ओळ आहे. तिला शब्द नाहीत. नुसतं म्हंऽऽ असं." मी ती गुणगुणून दाखवली. ती हळूहळू खाली उतरते आणि सा वर येऊन बसते.

"हां," मॅडम म्हणाल्या. "आलं घरी."

परळहून लालबागला चालत येताना मी ते मोठ्याने म्हणत आलो. मसाल्याचे दिवस होते. मसाला कुटायच्या डंखांखाली मिरच्या कुटल्या जात होत्या, हवेत तिखट होतं, सगळे शिंकत होते, गाड्या वाजत होत्या. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याचंही कोणाला काही वाटलं नाही. लालबागला त्या दिवसांत सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येतं.

घरी येऊन दर्शनाला म्हटलं, "बस. ऐक."

पहिल्या ओळीला तिचे हात थांबले. दुसऱ्या ओळीला तिने डोळे पुसले. "हेच. बाबा, हेच." मी थांबलो नाही. पुढची ओळ गुणगुणायला लागलो, तशी ती म्हणाली, "हे काय?"

"शेवट."

"असा शेवट नव्हता. 'वाट'ला संपतं ते."

"नाही ग, पुढे एक—"

"बाबा, मी रोज ऐकलंय. शाळेत जायला लागले तरी आई म्हणायची. ही ओळ नव्हतीच. तुमच्या भजनातलं काहीतरी मिसळलंय तुम्ही."

मी ओळ तिथेच सोडली. कारण तसं असूही शकत होतं. जन्मभर भजनं ऐकलेली. गाण्याला शेपूट नाही म्हणून माझ्या कानाने कुठूनतरी आणून लावली असेल. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ओळ शोभते, काका. पण शोभते म्हणून काकू ती गायच्याच, हे मी कसं सांगू?" खरं होतं ते. मग मला बाकीच्याचीही शंका यायला लागली. एक ओळ मी बनवली असेन, तर आणखी काय काय बनवलं असेल? ती ओळ मी म्हणायची बंद केली. दर्शना आता रोज गाणं ऐकायला मागायची. मी 'वाट'पर्यंत म्हणायचो आणि रे वर लोंबकळत थांबायचो.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. सुभद्राबाईंनी नात हातात घेतली आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "व्याह्यांसारखे कान मोठे आहेत." मला ते आवडलं.

बारसं आमच्याच घरी केलं. सोफा कोपऱ्यात सरकवून पाळणा टांगला. शीवहून जावईबापूंची माणसं आली. जावई मयूर घामाघूम होऊन घुगऱ्यांची पातेली वर आणत होता, कारण लिफ्ट नेमकी बंद पडली होती. क्लासमधल्या बायका आल्या. धर्मा पेटी घेऊन आला. मी त्याला दर्शनाला साथ करायला बोलावलं होतं. पण आयत्या वेळी दर्शना म्हणाली, "बाबा, मला नाही जमणार. मी रडेन. तुम्हीच म्हणा."

"बारशाला बाप्या माणूस पाळणा म्हणणार?" सुभद्राबाई म्हणाल्या. "नवीनच ऐकते."

"तुम्ही म्हणता का?" दर्शनाने विचारलं.

"मी म्हटला तर पोर परत आईच्या पोटात जाईल. म्हणू देत त्यांना."

दर्शना माझ्या कानाशी आली. "'वाट'पर्यंतच हां, बाबा."

मी मान हलवली.

मयूरची बहीण रुचिका, म्हणजे बाळाची आत्या, नाव सांगायला पाळण्यात वाकली. तिने बाळाच्या कानात कुर्र केलं, 'अक्षदा' हे नाव सांगितलं, आणि रीतीप्रमाणे सगळ्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. जरा जास्तच घातले. रुचिका ओरडली, बायका खिदळल्या, आणि पाळण्यातली अक्षदा जी रडायला लागली ती थांबेना. झोका दिला, खुळखुळा वाजवला. लालबुंद झाली.

"कुशा, घे बघू," धर्मा म्हणाला आणि त्याने पेटीवर सूर धरला.

काळी चार. त्याच्या बोटांना दुसरी जागा माहीतच नव्हती.

"धर्मा, काळी एक दे."

"काळी एक?" त्याने चष्म्यावरून बघितलं. "निजूक बोलवलंस काय माका?"

"होय. निजवूकच."

बायकांना हसू आलं. धर्माने काळी एक दिली. मी पाळण्याची दोरी हातात घेतली आणि म्हणायला लागलो. धर्माने एक ओळ ऐकली आणि पेटीवरची मान वर केली ती तशीच ठेवली. मी त्याच्याकडे बघितलं नाही. अक्षदाकडे बघत होतो. पहिल्या खेपेला ती रडत होती. दुसऱ्या खेपेला हुंदके राहिले. तिसऱ्या खेपेला 'बापूस इलो'पर्यंत तिचे डोळे मिटले. 'आता कोणाची वाट' म्हटलं, तेव्हा ती गाढ झोपली होती. दर्शनाने हात वर करून मला खूण केली. बस.

मी थांबलो. धर्मानेही हात उचलला. खोलीत एकदम सगळं गप्प झालं.

अक्षदा दचकली. दोन्ही हात फेकले, मुठी उघडल्या, तोंड वाकडं झालं. आता भोकाड पसरणार. मी विचार केला नाही. तोंडातून ती ओळ निघाली, बिनशब्दांची, हळू, खाली उतरत. तिचे हात हवेत होते ते सावकाश खाली आले. ओळ सा वर आली तेव्हा मुठी परत मिटल्या होत्या.

आणि मला सगळं दिसलं. गिरगावच्या प्रेसमधून दुपारपाळी करून मी घरी यायचो. शांती माझं ताट वाढून ठेवायची आणि दर्शनाला थोपटायला बसायची. मी जेवत असायचो. पोर झोपलेली मला तिथून दिसायची. मी म्हणायचो, "झोपली ती, ये आता जेवायला." शांती हात दाखवून मला गप्प करायची, शेवटची ओळ गुणगुणून पुरी करायची, आणि मगच उठायची. एकदा मी चिडून विचारलं होतं की आता कोणासाठी गातेस? तेव्हा ती म्हणाली होती, "गाणा मधीच सोडला काय चेडू दचाकता."

मी हे दर्शनाला तिथेच, पाळण्याची दोरी धरून, हळू आवाजात सांगितलं.

"म्हणजे मी..."

"तू झोपलेली असायचीस."

"रोज?"

"रोज. ती ओळ फक्त मी ऐकलीय. जेवता जेवता."

तिने तोंडावर हात धरला. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती, आवाज न करता, पोर उठू नये म्हणून. मग दोन्ही झालं. सुभद्राबाई पुढे आल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून कुजबुजल्या, "व्याही, जेवणं झाली की परत म्हणा. मलाही हल्ली झोप येत नाही."

पाहुणे घुगऱ्या घेऊन गेले. जिना उतरायचा म्हणून सगळ्यांनी आधी माझ्या इमारतीला नावं ठेवली. धर्मा पेटी गुंडाळत राहिला होता. बराच वेळ गुंडाळत होता.

"कुशा."

"काय?"

"गुरुवारी ये. एक अभंग काळी एकात घेऊया. तू सांग."

"आणि कोरस? त्यांना एवढं खाली जमेल?"

"नाय जमला तर तोंड हलवतीत," धर्मा म्हणाला. "एवढी वर्षा तू नाय हलवलंस?" आणि पेटी उचलून निघाला. मी त्याच्याबरोबर खालपर्यंत गेलो आणि पेटीची एक बाजू धरली.

वर आलो तेव्हा मयूर जमिनीवर आडवा होऊन झोपला होता. मी सुरमईचं कालवण गरम करायला ठेवलं. क्लासमधल्या बायकांनी सांगितलं होतं तसंच केलं होतं, त्रिफळं घालून. शांतीच्या कालवणासारखं नव्हतं, पण खाता येईल असं झालं होतं.

आतल्या खोलीत अक्षदा कुरकुरली आणि दर्शनाने गायला सुरुवात केली. मी पळी हातात धरून ऐकलं. ती काळी चार नव्हती आणि माझी काळी एकही नव्हती. मधली कुठलीतरी होती. मी मनात सा धरून बघितला. काळी तीन असावी.

ताटं वाढली. ती शेवटच्या ओळीवर होती. ती पुरी होईपर्यंत मी तिला जेवायला हाक मारली नाही.